चोवीस टोकं आणि एक पिन

प्रवासाला निघालेल्या माणसाची बॅग उघडून पाहिली की त्याला कशाची भीती वाटते ते कळतं. उपाशी राहण्याची भीती वाटणारा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतो. पोटाची भीती वाटणारा ओव्याची पुडी घेतो. चोरांची भीती वाटणारा साखळी-कुलूप घेतो आणि रात्रभर किल्ली चाचपत जागतो. या जुन्या मंडळींत अलीकडे एक नवी भीती येऊन बसली आहे: वाटेत मोबाइल बंद पडला तर? तिच्यावर उतारा म्हणून बाजारात एक देखणी डबी मिळते. चष्म्याच्या घराएवढी. सरकवून उघडली की आत चुंबकाला चिकटून रांगेत उभी असलेली चोवीस इवलीशी पोलादी टोकं, फिरत्या डोक्याची एक मूठ, बाकदार चिमटा, काचेला चिकटणारी रबरी वाटी, प्लॅस्टिकच्या दोन-तीन तिकोनी चकत्या आणि सिमचा कप्पा उघडायची पिन. डबी बंद करताना ‘टक्’ असा जो आवाज येतो, त्यात निम्मे पैसे वसूल होतात. उरलेले निम्मे वसूल होतात का, हा या लेखाचा विषय. माझं म्हणणं सरळ आहे: फोन दुरुस्तीचं जे हत्यार खास फोनसाठी घडवलेलं असतं ते प्रवासात कुचकामी ठरतं, आणि जे भलत्याच कामासाठी जन्माला आलेलं असतं तेच वेळेला फोन तारतं. विधान विचित्र वाटेल. पण पुरावे देतो, आक्षेपही ऐकून घेतो.

पहिला पुरावा डबीतूनच काढू. टोकं चोवीस का लागतात? कारण फोनमधले स्क्रू एका जातीचे नसतात. आयफोनच्या बुडाशी, चार्जिंगच्या भोकाच्या दोन बाजूंना, जे दोन स्क्रू दिसतात त्यांच्या डोक्यावर पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं असतं. त्याचं नाव पेंटालोब. आयफोन ४ च्या काळात हे फूल तिथं उमललं. त्याआधी अधिकचं चिन्ह असलेला साधा फिलिप्स स्क्रू असे. पुढे २०१६ साली आयफोन ७ च्या पोटात तीन पायांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा स्क्रू आला. घराला कुलूप असावं हे कुणीही मान्य करेल. पण घर विकून पैसे घेतल्यावर किल्ली मात्र विकणाऱ्याकडेच राहावी, असा हा व्यवहार. डबी विकणारे म्हणतात, घ्या, ती किल्ली आमच्याकडे आहे. खरंच असते. पण स्क्रू हा नुसता देवडीवरचा पहारेकरी. आतला दरवाजा गोंदाचा असतो. पाणी आत जाऊ नये म्हणून हल्लीच्या फोनची काच कडेकडेने चिकटवलेली असते. ती सोडवायला उष्णता लागते आणि तीही बेताची. कमी पडली तर काच सुटत नाही. जास्त झाली तर काच सुटते आणि तिच्याबरोबर डिस्प्लेही जग सोडतो. डबीत चोवीस टोकं असतात, पण ऊब नसते. रेल्वेच्या डब्यात उष्णतेचा एकमेव फिरता स्रोत म्हणजे चहावाल्याची किटली, आणि त्या चहाने गोंद तर सोडाच, बिस्किट तरी मऊ पडेल याची खात्री देता येत नाही.

मग फोन रीतसर उघडायला नेमकं काय काय लागतं? याचं उत्तर खुद्द ॲपलनेच एकदा वजन करून दिलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेत ग्राहकांना आपला फोन आपणच दुरुस्त करण्याची सोय काढली. हत्यारं विकत नको असतील तर आठवड्याला ४९ डॉलर भाड्याने. लोकांना वाटलं, पाकीट येईल. आल्या दोन पेट्या, चाकं लावलेल्या, दोन्ही मिळून ७९ पौंडांच्या, म्हणजे जवळपास ३६ किलो. त्यांत काच तापवून उचलणारं यंत्र, नवी काच दाबून बसवणारं यंत्र, आणि असंच बरंच काही. आता त्या योजनेत बसणाऱ्या आयफोन १३ मिनीचं वजन १४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोग्याच्या अडीचशे पट वजनाचं हॉस्पिटल. आपल्याकडे देशातल्या विमानप्रवासात साधारणपणे माणशी पंधरा किलो सामान पोटात टाकता येतं. नवरा-बायकोने दोघांचे मिळून तीस किलो पणाला लावले, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, तरी सहा किलो हॉस्पिटल विमानतळावरच राहतं. हे वाचून कुणी म्हणेल, कंपनीने मुद्दाम अवघड करून ठेवलं असेल. असेलही. पण मग निष्कर्ष आणखीच पक्का होतो: ज्यांनी फोन बनवला त्यांना तो उघडायला छत्तीस किलो लागतात, आणि आपण चष्म्याच्या घराएवढ्या डबीच्या भरवशावर निघालो आहोत.

डबीच्या बाजूने एक गोष्ट मानू: तिचं वजन कमी आहे, म्हणून ती विमानात नेता येईल. पण विमानाच्या नियमांनी या दुरुस्तीची जी गंमत केली आहे ती मुळातून पाहण्यासारखी आहे. फोनचा प्रवासातला मोठा आजार बॅटरीचा, म्हणून हौशी माणूस सुटी बॅटरीही बरोबर घेतो. सुटी लिथियम बॅटरी पोटातल्या सामानात टाकायला बंदी आहे. ती हातातल्याच सामानात हवी, कारण पेटलीच तर कुणाला तरी दिसायला पाहिजे. स्क्रूड्रायव्हरचं आपल्याकडे बरोबर उलट: तो हातातल्या सामानात चालत नाही, पोटात टाकावा लागतो, कारण तो कुणाच्या तरी हाती लागायला नको. अमेरिकेत सात इंचांपर्यंतचं हत्यार जवळ बाळगता येतं, युरोपात स्क्रूड्रायव्हरची दांडी सहा सेंटिमीटरच्या आत असली तर चालते. म्हणजे तुम्ही किती धोकादायक आहात हे तुम्ही कुठल्या विमानतळावर उभे आहात यावर ठरतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मात्र वर वर बसतो, वधू खाली तळघरात, आणि मध्ये अंतरपाट विमानाच्या तळफळीचा. मंगलाष्टकं व्हायची ती उतरल्यावर, सामानाच्या फिरत्या पट्ट्यासमोर. तोवर बाहेर टॅक्सीवाले उभे असतात आणि त्यांच्यातल्या कुणालाही दुरुस्तीचं दुकान ठाऊक असतं.

आता उलट बाजू तपासू. प्रवासात फोनला खरोखर होतं काय? मदरबोर्ड जळण्यासारखे राजरोग घरी, गादीवर, रात्री चार्जिंगला लावून होतात. वाटेतली दुखणी किरकोळ असतात. सगळ्यांत नेहमीचं म्हणजे ‘चार्ज होत नाही’. केबल लावली की ढिली बसते, जरा हलली की चार्जिंग तुटतं. माणूस चार्जरला दोष देतो, रेल्वेच्या सॉकेटला देतो, शेवटी सरकारला देतो. दोष असतो खिशाचा. खिशातलं सुताचं जावळ रोज थोडं थोडं त्या भोकात जातं आणि केबल रोज थोडं थोडं ते आत दाबत जाते. वर्षभरात तिथं छोटीशी गादी तयार होते. ती काढायला डबीतला पोलादी चिमटा घालणं धोक्याचं, कारण आत विजेच्या पिना असतात. उत्तम हत्यार म्हणजे लाकडी दातकोरणं. फोन बंद करायचा, दातकोरण्याने कडेकडेने अलगद कोरायचं, आणि करड्या रंगाचा एक बोळा बाहेर येतो, ज्याच्याकडे पाहून स्वतःची लाज वाटते. हे हत्यार कुठे मिळतं? हॉटेलच्या गल्ल्यावर, बडीशेपेच्या वाटीशेजारी, फुकट. काच तडकली, बोटाला कुसळं लागायला लागली, तर वरून चिकटपट्टी. जुन्या फोनचं मागचं झाकण फुगून सुटलं तर रबर बँड हा उपाय मात्र करू नये. झाकण फुगतं तेव्हा आत बॅटरी फुगलेली असते, आणि तिला आवळून बांधणं म्हणजे फटाक्याला गाठ मारणं. अशा वेळी एकच हत्यार चालतं: फोन बंद करून दुकान विचारणं. तेही हत्यार तोंडात असतं, डबीत नसतं.

इथे चाणाक्ष वाचक तांदूळ काढेल. म्हणेल, भलत्या कामासाठी असलेली वस्तूच उपयोगी पडते म्हणता, मग पाण्यात पडलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात त्याचं काय? आक्षेप बिनतोड आहे आणि मला तो मान्य करावा लागतो: तांदूळ उपयोगी पडत नाही. २०२४ साली ॲपलने आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं की ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करतील. खरं तर आपल्याला हे कुणी बाहेरून सांगायची गरज नव्हती. तांदूळ पाणी पितो हे खरं, पण भांड्यात पाणी घालून विस्तवावर ठेवल्यावर. कोरड्या डब्यात शेजारच्याचं पाणी ओढून घेण्याइतका तो परोपकारी असता, तर पावसाळ्यात कोकणातल्या घरांच्या भिंती तांदळाच्या गोणी टेकवून सुकवल्या असत्या. म्हणून माझ्या सिद्धान्ताला एक पोटकलम जोडतो: भलत्या कामाची वस्तूसुद्धा आपल्या मूळ स्वभावाला धरूनच उपयोगी पडते. दातकोरणं फोनमध्येही कोरतंच. पिन फोनमध्येही टोचतेच. फडकं पुसतंच. ओल्या फोनला फडकं आणि वाहती हवा पुरते. त्या दोन्ही गोष्टी एसटीच्या खिडकीत तिकिटाच्या पैशांत मिळतात.

आणखी मोठा पुरावा हवा असेल तर या धंद्यातल्या उस्तादांचं टेबल पाहावं. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, किंवा कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, जिथं ‘मोबाइल रिपेअरिंग, रिचार्ज, झेरॉक्स’ अशी पाटी असते तिथं, काचेच्या काउंटरमागे एक तरुण डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. त्याच्याकडे गरम हवेचं मशीन असतं, सोल्डरिंग असतं, हे खरं. पण हात सारखा कुठे जातो ते बघा. बोर्ड साफ करायला जुना टूथब्रश. काच आणि चौकट यांच्या फटीत घालायला अर्धं केलेलं दाढीचं ब्लेड, नाहीतर मुदत संपलेलं एटीएम कार्ड. काढलेले स्क्रू ठेवायला बाटलीचं झाकण. चिमटा आणि डोळ्याचं भिंग घड्याळजीकडून आलेलं. जगभर विकल्या जाणाऱ्या मोबाइल किटमधली ती तिकोनी चकतीसुद्धा फोनची नव्हे. तिचा आकार गिटार वाजवायच्या चकतीवरून उचललेला आहे. म्हणजे ज्याचं पोट या कामावर चालतं तो माणूस न्हाव्याकडून, घड्याळजीकडून, बँकेकडून आणि गवयाकडून हत्यारं उसनी घेऊन फोन बरा करतो. त्याचं खरं भांडवल त्या वस्तूंत नाहीच. गोंद किती तापला की सुटतो हे त्याच्या बोटांना कळतं, आणि बोटं डबीत मिळत नाहीत.

यावर गाडीवाले आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, आम्ही गाडीत जॅक, पान्हा आणि स्टेपनी नेतोच ना? सायकलवाला पंक्चरचं सामान नेतोच ना? मग फोनवाल्यानेच काय घोडं मारलं? पण स्टेपनीची गोष्ट नीट ऐकली तर ती माझ्याच बाजूने साक्ष देते. वेल्समध्ये लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या दोघा भावांनी मोटारीला जोडायचं जादा चाक काढलं, त्याला रस्त्याचं नाव पडलं, आणि तिकडे ते कधीच विसरलं गेलं असलं तरी आपल्या रस्त्यांवर अजून धावतं आहे. त्यातलं मर्म असं की स्टेपनी ही दुरुस्ती नव्हे, बदली आहे. घाटात कुणी पंक्चर काढत बसत नाही. चाक बदलतो आणि पंक्चर गावात जाऊन काढतो. हे जमतं, कारण गाडी बनवणाऱ्याने चाक सुटेल असं बनवलं. फोनच्याही बाबतीत असा सुवर्णकाळ होता. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हातातून पडला की त्याचे तीन भाग तीन दिशांना जात: झाकण, बॅटरी, उरलेला फोन. ते गोळा करून जोडले की तो काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने नोकियाची धून वाजवत उठे. तेव्हा बॅटरी नखाने बदलता येई; हत्यार म्हणजे अंगठा. आज अंगठा फक्त फोन उघडतो, म्हणजे पडदा उघडतो, पोट नाही. हे बदलेलही. नेदरलँड्सच्या फेअरफोनने २०१९ च्या आपल्या फोनबरोबर खोक्यातच छोटा स्क्रूड्रायव्हर दिला होता, आणि युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतील अशा असायला हव्यात. त्या दिवसानंतर स्टेपनीचा दाखला पुन्हा द्यावा. मी तो शांतपणे ऐकेन.

दुसरा आक्षेप गिर्यारोहकांचा. जिथं दुकान नाही, माणूस नाही, तिथं काय करायचं? ऐकायला बिनतोड, पण दुर्गम जागी काय काय नसतं त्याची यादी पूर्ण करू. तिथं दुकान नसतं, तसा सुटा भागही नसतो. आणि स्क्रूड्रायव्हर फक्त उघडतो, बरं करत नाही. तिथं सपाट टेबल नसतं. आयफोनच्या आतले स्क्रू मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, त्यांतही लांबी वेगवेगळी. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर खालच्या बोर्डातल्या वाटा कापल्या जातात आणि चालणारा फोन बंद पडतो. असा एखादा स्क्रू हरिश्चंद्रगडाच्या गवतात पडला, तर तो पुढच्या पिढीतल्या पुरातत्त्ववाल्यांसाठी. कुणी म्हणतं, मी व्हिडिओ पाहून शिकलोय. पण व्हिडिओतल्या टेबलावर पांढरी चटई असते, वर दिवा असतो, टेबल हलत नसतं, आणि चुकलेले प्रसंग कापून टाकलेले असतात. शिवाय एक तांत्रिक अडचण राहतेच: आठव्या मिनिटाला पुढची पायरी पाहायला तो व्हिडिओ ज्या फोनवर लावायचा, तो फोन या क्षणी मांडीवर उघडा पडलेला असतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी पूर्ण खोडणार नाही. परगावचा माणूस दिसला की काही दुकानदार आजार वाढवून सांगतात. साधा कचरा असला तरी ‘आयसी गेली’ म्हणतात आणि माणूस खिशाला हात लावतो. अशा वेळी डबी जवळ असून काय उपयोग, हे मात्र मला कळत नाही. डॉक्टर महाग आहे म्हणून कुणी कात्री घेऊन हिंडत नाही. माहिती काढून जातो. आधी दातकोरण्याने बघावं, दुसरी केबल लावून बघावी, मग दुकानात समोर बसून फोन उघडायला सांगावा. आपल्याकडे प्रवासाची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी शाळा म्हणजे वारी. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालणारा वारकरी सामानाच्या बाबतीत आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा असतो. त्याचा सगळा भार पायांवर आणि पायांचा भार चप्पलेवर. तरी त्याच्या पडशीत आरी आणि मेणदोरा नसतो. वाटेवर चप्पल शिवून देणारे बसलेले असतात, कित्येकदा सेवा म्हणून पैसेही घेत नाहीत. हत्यार आपण वाहायचं नाही, हत्यारवाल्याच्या गावावरून जायचं, एवढं ते शहाणपण आहे.

मग डबी अगदीच वाया गेली का? नाही, आणि हे कबूल करायला मला आनंद होतो, कारण तिचा उपयोगच माझा शेवटचा पुरावा आहे. डबी बाळगणाऱ्यांच्या हातून प्रवासात एक काम खात्रीने होतं: कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवणं. समोरच्या बाकावरचे आजोबा चष्मा एका काडीवर तोलून पेपर वाचत असतात. डबीवाला ‘टक्’ करून डबी उघडतो, चोवीसांतलं एक टोक निवडतो, दोन आटे फिरवतो, आणि पुढचे चार तास त्या डब्यात त्याला मान मिळतो. कुणाच्या नातवाच्या खेळण्यातले सेल बदलतो, कुणाच्या बॅगेचं चाक घट्ट करतो. फोन मात्र कुणी त्याच्या हातात देत नाही आणि तो स्वतःचाही उघडत नाही. म्हणजे फोनसाठी घडवलेलं हत्यारसुद्धा कामाला आलं ते भलत्या जागी येऊनच. सिद्धान्त दोन्ही बाजूंनी लागू पडतो, याहून सिद्धान्ताला काय हवं?

राहता राहिली पिन. परदेशात उतरलं, नवं सिम घेतलं की कप्पा उघडायला ती लागते. डबीतली खास पिन तेवढ्या वेळेला सापडत नाही. ती बॅगेच्या अस्तरात असते. माणूस फोनची कड चाचपतो, पेनाची रिफिल घालून बघतो, आणि घाईत सिमच्या भोकाऐवजी शेजारच्या मायक्रोफोनच्या भोकात काहीतरी खुपसायच्या बेतात असतो, तेवढ्यात शेजारची मावशी शांतपणे मनगट पुढे करते. हिरव्या बांगड्यांत एक बांगडी जरा जाड, तिच्यात चार-पाच सेफ्टी पिना ओवलेल्या: एक साडीच्या पदरासाठी, एक निसटलेल्या बटणासाठी, एक काट्यासाठी, बाकीच्या कुणालाही. त्यांतली मधली निवडून ती देते, कप्पा टक् करून बाहेर येतो, आणि ‘परत दे हं’ एवढंच म्हणते. हे हत्यार १८४९ साली वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने पेटंट केलं. फोन नावाची वस्तू तेव्हा जन्मायची होती. २०२२ मध्ये अमेरिकेत आलेल्या आयफोन १४ ला सिमचा कप्पाच नाही, भोकही नाही. उद्या सगळीकडे तसंच होईल. तेव्हा खास सिमसाठी घडवलेल्या त्या लाखो पिनांना टोचायला जागा उरणार नाही, आणि पाच पाकळ्यांचं टोकही एखाद दिवशी असंच पोरकं होईल. मावशीची पिन तेवढी बांगडीतून निघून पदराला लागेल, कारण ती मुळात तिथलीच.